ओढून न बघितलेली तार

मह्या,

प्रियबिय लिहीत नाही, तू हसशील. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच. उद्या तुझी लाल गाडी बघायला ठाण्याहून एक माणूस येतोय, म्हणून आज मी डिकी उघडली. त्यात जे दिसलं ते आधी तुला सांगायचं, मग तुझ्या बायकोला.

गाडी विकायचं सोनालीनेच ठरवलं. तू गेल्याला वर्ष झालं, बिल्डिंगखाली ताडपत्रीत उभी आहे, सोसायटीवाले कुरकुरतात. तो माणूस फोनवर बोलला, बाकी मी बघून घेईन, फक्त फ्युएल पंप चालू करून ठेवा. टाकीतून इंजिनाला पेट्रोल ढकलणारा तुझा तो लाडका पंप! त्याचीच तार सुटलेली.

सोनालीने शहाडहून मेकॅनिक आणला. त्याने बघितलं न बघितलं, बोलला, "मावशी, डायरेक्ट करून देतो. दहा मिनिटं."

"डायरेक्ट म्हणजे? रिले नाही, फ्यूज नाही?"

"जुन्या गाडीला कशाला पाहिजेत नखरे?"

"उद्या गाडी पेटली तर आत तू बसणार का? चल, नीघ!"

"मावशी, तुम्हाला काय कळतं यातलं?"

मला विचारतो! सव्वीस वर्षं डोंबिवलीच्या कंपनीत वायरिंगच्या लाईनवर तारांना टोकं बसवली मी. चहासुद्धा नाही दिला त्याला.

तुलाही मीच शिकवलेलं ना? तार सोलायची, लगमध्ये, त्या धातूच्या टोकात, घालायची, पक्कडीने दाबायची आणि जोरात ओढायची. ओढून बघितल्याशिवाय हातातून सोडायची नाही. आमच्या लाईनवर कोणी न ओढता पुढे सरकवली तर बाजूची बाई हातावर फटका मारायची.

त्या पंपाचं तुला केवढं कौतुक! चावी अर्धी फिरवलीस की मागून गुणगुणायचा. "आई, ऐक ऐक, तयार झाला!" तू गेल्यापासून तो आवाज घर सोडत नाही. फ्रीज चालू झाला की वाटतं, खाली तूच चावी फिरवलीस. भाजी चिरता चिरता मी थांबते. आता स्टार्ट करेल. आता करेल. तू करतच नाहीस! म्हातारीला असं ताटकळत ठेवतात का रे?

त्या रविवारी शीळफाट्याच्या चढावर गाडी बंद पडली. दुपारचे तीन, लख्ख ऊन. तू उतरून मागे गेलास, डिकी उघडलीस, आणि बाजूने कंटेनर घासून गेला. गाडीचा फक्त मागचा दिवा फुटला. फक्त दिवा!

पोलिसांनी सांगितलं, पंपाची तार सुटलेली. मी लगेच बोलले, "पीळ मारून टेप गुंडाळली असेल. सगळ्यात घाई त्याला." कोणी विचारलं होतं मला? पण आल्यागेल्याला तेच सांगत बसले. सोनाली मान खाली घालून ऐकायची. एकदा बोलली, "आई, घाई मीच केली. फिरायला ने म्हणून तयार होऊन बसलेले ना मी. तो बोलला, आधी एक चक्कर मारून बघतो."

मी तिला एक शब्द बोलले नाही. नाही गं, तुझं काही चुकलं नाही, एवढंसुद्धा नाही.

आज सीटमागची चटई उचलली. पंपाची वायरिंग तू अख्खी नवीन केलीस रे! जुनी बारीक तार नुसती रिलेला, त्या स्विचच्या डबीला, इशारा द्यायला, आणि पंपाला बॅटरीपासून जाड लाल तार, मध्ये फ्यूज. एकेक जोड मी ओढून बघितला. नऊ जोड. एक हलला नाही. कुठे पीळ नाही, टेप नाही. तारांना नावाच्या चिठ्ठ्यासुद्धा चिकटवलेल्यास! एवढे लाड कोणी शिकवले तुला?

मग डिकीत बॅटरीपाशी आले, या गाडीची बॅटरी मागेच ना. लग बोल्टला घट्ट. आत तार नाही. तार खाली लोंबत होती. लगवर दोन रेषा. तुझी पक्कड एकच खड्डा पाडते. दोन रेषा माझी पक्कड पाडते.

आठवलं, असं नाही लिहिणार. विसरलेच नव्हते मी. शनिवारी सकाळी तू स्वयंपाकघरात आलास. "आई, ही जाड तार माझ्या पक्कडीत बसत नाही गं. एकच आहे." मी चपात्या लाटत होते, हाताला पीठ. "सारखं काय आई, आई! आण इकडे." सोलली, दाबली, दिली. तू विचारलंस, "ओढून बघितलीस?"

"मला शिकवतोस?"

तू हसून घेऊन गेलास, आणि तूही नाही ओढलीस. एरवी माझं एक ऐकायचा नाहीस, तेव्हाच कशाला ऐकलंस रे?

तार पुरती सोललीच नव्हती मी. लगने तांबं धरलं नाही, ते नुसतं टेकलेलं; वरचं प्लास्टिक चावून बसला. लाईनवर नवीन पोरी करतात ती चूक. वर्षभर ताडपत्रीला हात का लावला नाही, कळलं ना आता?

डिकी उघडी होती, मह्या. म्हणजे तू बघितलास का तो रिकामा लग? ओळखल्यास त्या दोन रेषा? माझ्यावर चिडलास? की सवयीने हसलास? मला एवढंच विचारायचंय, आणि एवढंच सांगायला कोणी नाही.

नवीन लग बसवला. यावेळी इतका ओढला की खांदा भरून आला. मग पुढे बसून चावी फिरवली. पंप गुणगुणला आणि थांबला. पुढचं मला येत नाही, गाडी कुठे चालवता येते मला! तशीच बसले चावी धरून. बाजूच्या सीटकडे बघायची छाती झाली नाही.

सोनाली सहाला येते. तिने चपला काढायच्या आत सांगणार. घाई तुझी नव्हती, चूक त्याची नव्हती, तो लग माझ्या हातचा. गाडी द्यायची की ठेवायची ते तिने ठरवावं. पिशवी उचलून आंबिवलीला माहेरी निघाली तरी अडवणार नाही. आणि रडणार नाही, हा शब्द देते तुला. मी रडले तर ती आपलं सगळं बाजूला ठेवून माझे डोळे पुसत बसेल. तशीच आहे ती. आज तिने ओरडायचं, आणि मी उभं राहून ऐकायचं.

तुझीच,
आई