टाकीमागच्या गवताबाबतचे माझे तिन्ही अर्ज रद्द करावेत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, नगरपालिका कार्यालय.

विषय : पाण्याच्या टाकीमागील गवतात कोणतीही कार्यवाही न करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवर आपण तत्परतेने केलेली कार्यवाही.

महोदय,

मी निवृत्त बसचालक असून पत्नीसह उद्यानालगत राहतो. पत्नी शाळेत चित्रकला शिकवीत असे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिचे फिरणे टाकीमागील गवतापुरते उरले आहे. तेथील कट्ट्यावर बसून ती नाकतोडे पाहते. माणूस जवळ आला की नाकतोडा लगेच उडत नाही, काडीच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. आपण फिरलो की तोही फिरतो. कात टाकताना तो डोके खाली करून लटकतो, नवे पंख ओल्या कपड्यासारखे चुरगळलेले असतात आणि तेवढा वेळ त्याला पळताही येत नाही. हे सर्व मला तिने दाखविले.

१) तेथे नाकतोडे असल्याने औषध फवारू नये, असा माझा पहिला अर्ज होता. तो ‘कीटकांचा उपद्रव’ या सदरात नोंदविला जाऊन फवारणी झाली. पत्नी पायवाटेवर तडफडणारे नाकतोडे रुमालात वेचत असता फवारणी कामगार म्हणाला, “आजी, तक्रार तुमच्याच घरातून आलीय.” त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होती.

२) झाला प्रकार मी दुसऱ्या अर्जाने कळविला. गवतात औषधाचा अंश राहिला असावा, असे गृहीत धरून ते मुळापर्यंत कापण्यात आले. मातीत अंडी होती म्हणून पुढे थोडी पिल्ले निघाली, तांदळाच्या कणीएवढी, बिनपंखांची. ती पाहायला पत्नीने मला हाक मारली. घरात पुन्हा बोलणे सुरू झाले ते असे.

३) गवत पुन्हा कापू नये, हा तिसरा अर्ज. त्याची चौकशी करण्यास आलो असता आपले लिपिक म्हणाले, “काका, तुमचं काम झालं. तिथे पेव्हर ब्लॉक मंजूर झालेत. आता गवतच राहणार नाही, मग कापायचा प्रश्नच मिटला.” त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला, म्हणून मी आभार मानले आणि जिन्यात थोडा वेळ बसलो.

महोदय, माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. मी थकलो आहे. माझे तिन्ही अर्ज रद्द समजावेत. काहीही न करणे नियमांत बसत नसल्यास प्रकरण प्रलंबित ठेवावे, ही विनंती.

अर्ज मागे घेण्यापूर्वी स्थळपाहणी आवश्यक असल्याचे समजते. पाहणीस येणाऱ्यांनी कृपया गवतात पाय ठेवू नये. कट्ट्यावर माझी पत्नी बसलेली असेल. आपण कार्यालयातून आलात, हे तिला सांगू नये. नाकतोडे कुठे आहेत, एवढेच विचारावे. ती सरकून जागा करून देईल.

आपणांस पुन्हा तसदी देणारा,
(सही)
निवृत्त बसचालक, टाकीमागील इमारत, तळमजला.
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत : काही जोडलेले नाही. उत्तर घरी पाठवू नये. टपाल पत्नी उघडते.