तणसाचा ढीग

रविवार, सानगडी

कबड्डीत आज आपल्याच मैदानावर हरलो, एका गुणानं. लागोपाठ सहावा सामना. शेवटची चढाई माझी होती. बोनस रेषा ओलांडली असती तं बरोबरी होती. एक पाऊल अलीकडूनच वळलो. काहून? रोज सरावाले त्या रेषेवरच मैदानाशेजारच्या डोमाकाकाच्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग असते, त्याले हात लावून वळायची सवय. सामन्यासाठी तो ढीग सकाळी आम्हीच हटवला होता. समोर रेषा दिसत होती, तरी वळलो.

पोरं जर्स्या माझ्यापाशी ठेवून गेले. संपली का टीम?

संध्याकाळी काका तणीस परत टाकून राहिले होते. म्हणाले, "आता तं नाही खेळत ना तुम्ही?"

"काका," मी म्हटलं, "ढीग रेषेच्या एक पाऊल मागं टाका."