पायातलं पाणी

आये, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच, त्यामुळे हे लिहिण्यात शहाणपणा काही नाही. तरी लिहिते आहे, कारण हे बोलायला दुसरं माणूस मला सुचलं नाही. परवा दुपारी शाळेतून घरी आले, खुर्चीत बसले, पायातले मोजे काढले आणि नडगीवर अंगठा दाबून पाहिला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. मग हळूहळू वर आला. मी परत दाबला, परत तेच. आणि एकदम मला आपल्या घराचा ओटा दिसायला लागला. तू म्हसळ्याच्या बाजारातून आलीयेस, रिकामी पाटी भिंतीला उपडी टाकलीयेस आणि पाय लांब करून बसलीयेस. मी आणि धाकटा भाऊ तुझ्या दोन पायांशी दोघं. तो त्या पायावर बोट दाबतोय, मी ह्या पायावर. ज्याचा खड्डा जास्त वेळ टिकेल तो जिंकला. तू डोळे मिटून भिंतीला टेकलेली असतेस आणि म्हणतेस, "पाडा, पाडा. फुकाटचा खेल हाय." आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच आयांचे पाय असे असतात.

हा खेळ तूच एक दिवस बंद केलास. आम्ही बसलो तशी तू पाय आखडून घेतलेस, लुगडं घोट्याच्या खाली ओढलंस आणि म्हणालीस, "पुरं झालं आता." आवाज चढला नव्हता, पण त्यानंतर तुझ्या पायाला हात लावायची आमची छाती झाली नाही. भाऊ थोडा वेळ रडला. मला तेव्हा कळलं नाही की तुला काय झालं. आता कळतं, कारण परवा तो खड्डा भरून आल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर मोजे परत चढवले. घरात मी एकटीच होते, तरी चढवले.

मी विज्ञान शिकवते हे तुला माहीत नाही. मी बारावीला होते तेव्हा तू गेलीस, पुढचं सगळं तुझ्यामागे झालं. दर वर्षी एक धडा येतो, रक्ताभिसरणाचा. मी फळ्यावर हृदय काढते, चार कप्प्यांचं, अर्धं निळ्या खडूने आणि अर्धं लाल. सगळ्या अंगातून फिरून दमलेलं रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं, प्राणवायू घेतं आणि डाव्या बाजूला परततं. ही लहान फेरी. मग डावी बाजू त्याला जोर लावून ढकलते, ते टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन पुन्हा उजवीकडे येतं. ही मोठी फेरी. मध्ये झडपा असतात, त्या एकाच बाजूला उघडतात, रक्त पुढे गेलं की मिटतात, म्हणजे ते मागे यायला नको. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, झडप मिटलीच नाही तर?" आणि मी सांगते, तर रक्त थोडं थोडं मागे येतं आणि हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. इतकी वर्षं मी हे अगदी गार आवाजात सांगत आले. या वर्षी सांगताना टेबलाला धरून उभी होते, जिना चढून आल्यावर दम लागला होता म्हणून.

हृदय मी पहिल्यांदा पाहिलं ते मात्र पुस्तकात नाही, तुझ्या विळीवर. तू शिंगाळा मासा कापत होतीस. कल्ल्यांच्या मागून एक लालभडक गोळा बाहेर आला आणि पाटावर पडूनही उडत राहिला. मी विचारलं हे काय. तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस, "जीव हाय त्याचा. त्याला अजून कललं न्हाय, आपुन मेलो." पुढे शाळेत परीक्षेला मी हृदयाचे दोनच कप्पे काढले आणि बाईंशी हुज्जत घातली की मी पाहिलंय, दोनच असतात. आपल्या कोळीवाड्यातल्या निम्म्या पोरांनी दोनच काढले होते. माशाचं रक्त एका फेरीत हृदयात एकदाच येतं, तिथून कल्ल्यांत आणि कल्ल्यांतून परस्पर अंगात जातं, म्हणून त्याचं दोन कप्प्यांत भागतं. माणसाचं रक्त एका फेरीत दोनदा हृदयात येतं. हे घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "म्हंजे दुप्पट राबतं बिचारं." आणि भाकरी उलटलीस.

तुला नेमकं काय झालं होतं ते कोणी तपासलंच नाही, म्हणून मी फक्त अंदाज बांधू शकते. बहुतेक तुझी झडप नीट मिटत नव्हती. आधी फुप्फुसाकडे रक्त तुंबलं असणार, कारण भरली पाटी डोक्यावर घेऊन एसटीची पायरी चढताना तू दांडा धरून थांबायचीस, आणि मागच्या बाया ओरडायच्या. मग उजवी बाजूही थकली. पायातलं रक्त वर चढायचं ते आधीच कष्टाचं काम. पोटऱ्या त्याला दाबून वर रेटतात, शिरांतल्या बारीक झडपा त्याला खाली पडू देत नाहीत. पण वर हृदयातच जागा नसेल तर ते जाणार कुठे? ते खाली तुंबून राहतं, आणि बारीक केशवाहिन्यांतून त्यातलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. आमच्या बोटांचे खड्डे त्या पाण्यात पडत होते.

आणि त्या पाण्यावर तू शोधलेला उपाय. तो आठवला की मला अजून राग येतो, आये. तुझा येतो, मावशीचा येतो, सगळ्या कोळीवाड्याचा येतो. बांगडा पाठीतून चिरायचा, आत मीठ भरायचं, पिंपात एकावर एक रचून वर दगड ठेवायचा. संध्याकाळपर्यंत पिंपात तळाला पाणी साचतं. मीठ मासळीतलं पाणी ओढून काढतं हे आपल्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत. मग तुझ्या पायात पाणी झालं तेव्हा उपाय शोधायला लांब जावंच लागलं नाही. मावशी रोज खारा बांगडा भाजून आणायला लागली. "खा गो, खारं खा. पायातलं समदं पानी सुटंल बघ." आणि तू खायचीस. भाकरी आणि खारा बांगडा, सकाळी, संध्याकाळी. पाय सुजत चालले तसं मावशी म्हणायची की मीठ कमी पडतंय. मीठ पाणी ओढतं हे तुमचं बरोबरच होतं. फक्त पिंपात ते पाणी बाहेर तरी पडत होतं. इथे मीठ तुझ्या आत होतं, त्यामुळे पाणीही आतच राहिलं. रक्त वाढलं, आणि आधीच दमलेल्या हृदयाला ते सगळं ढकलावं लागलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. मी होते की बरोबर. त्यांनी तुझ्या पायावर अंगठा दाबला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवा, आणि मीठ आजपासून बंद, खारी मासळी तर अजिबात नाही. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "घाटावरचा हाय तो. त्याला मासलीतला का कलतंय." तू एसटीच्या दिशेने चालायला लागलीस. त्या आठवड्यात मी एकदा तुझ्यासाठी वेगळं कालवण केलं, मिठाशिवाय. तू एक घास घेतलास आणि ताटली हळूच माझ्याकडे सरकवलीस. मी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय. तू म्हणालीस, "आजाऱ्याचा जेवन माज्या घरान शिजवायचा न्हाय." तेवढंच. मग उठून फळीवरचा खारा बांगडा काढलास, स्वतः निखाऱ्यावर टाकलास, आणि त्या धुराकडे बघत बसलीस. मुंबईला जायचं नंतर बघू, पापलेटाचे दिवस संपू देत, असं ठरलं. पापलेटाचे दिवस संपले तेव्हा तुला आडवं झोपता येत नव्हतं, बसूनच झोपायचीस. मग एका सकाळी बसल्या बसल्याच गेलीस.

मी हे लोकांना सांगते तेव्हा नेहमी एकच सांगते, की आमच्या आईला कळत नव्हतं. बिचारी अडाणी होती, मासळीचा हिशोब माणसाला लावून बसली. वर्गातही एकदा सांगितलं, नाव न घेता, गावातली एक बाई म्हणून. मुलं हसली. मीही हसले. कळलं असतं तर तू वाचली असतीस यावर माझा इतका विश्वास होता की मी तेच शिकवण्यात आयुष्य घातलं.

आता माझं ऐक. माझी डावी झडप खराब झाली आहे. लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे, तू ओवा तव्यावर गरम करून शेकवायचीस. त्या तापाचा डाग झडपेवर राहिला असं डॉक्टर म्हणतात. पडद्यावर मला दाखवलंदेखील, झडप अर्धवट मिटते आणि रक्ताची एक बारीक धार मागे पळते. नवी झडप बसवावी लागेल. लेक पनवेलला असते, तिनेच सगळीकडे नेलं, तिनेच तारीख घेतली. मी म्हटलं, वार्षिक परीक्षा होऊ देत, मग बघू. तिने फोनवर आधी परीक्षेची तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "आई, व्हिडिओ लाव. मोजे काढ आणि पाय दाखव." मी म्हटलं, इथे रेंज नाही. रेंज चांगली होती.

मला भीती वाटते, आये. छाती उघडतात त्याची वाटते, आणि त्याहून जास्त वाटते ती उघडायला हवी हे एकदा मान्य करण्याची. हो म्हटलं की मी आजारी. तोवर मी फक्त दमलेली बाई, जिला जिना जरा जड जातो. वर्गात जाते, हजेरी घेते, डबा खाते. माझ्या घरातही आजाऱ्याचं जेवण शिजत नाही, तुझ्यासारखंच, फक्त मी तसं बोलून दाखवत नाही.

आणि आज दुपारी बाजारात गेले होते, तुझ्या जागेजवळून. तिथे आता दुसरी कोळीण बसते, आपल्या दिघीकडचीच. तिच्यापुढे खारे बांगडे होते. डॉक्टरांच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय काय चालणार नाही ते, आणि का चालणार नाही ते मी फळा भरून सांगू शकते. तरी घेतला. घरी येऊन गॅसवर जाळी ठेवून भाजला, खिडकी लावून, शेजारी वास जायला नको म्हणून. उभ्या उभ्या भाकरीबरोबर सगळा खाल्ला, काटे चोखून. इतकं चवीने मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते. आणि खाताना लक्षात आलं, की तुला कळत नव्हतं असं मी म्हणत आले ते खोटं असावं. डॉक्टरांचं तू ऐकलं होतंस. तुझे कान चांगले होते. मावशीचा उपाय तुला पटला म्हणून नाही, त्यात घाबरायला लागत नव्हतं म्हणून तू तो धरलास.

मघाशी लेकीला फोन केला आणि ऑपरेशनची तारीख तीच ठेव म्हणून सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली उद्या सकाळच्या गाडीने येते. आल्यावर ती पहिलं माझ्या पायाशी बसणार. मी मोजे काढून ठेवीन. तिला दाबायचं तितकं दाबू दे, मी पाय ओढून घेणार नाही. बांगड्याचं मात्र तिला कळू देणार नाही. काटे कागदात गुंडाळून मागच्या दारी पुरून आले आहे, आणि ते एवढं फक्त तुला सांगते.