लाल ठिपका माझा

मी, विद्याधर रामकृष्ण पाटकर, वय वर्षे ६८, गिरणीतला निवृत्त फिटर, राहणार जोगेश्वरी पूर्व, लिहून ठेवतो की आज माझे डोके शाबूत आहे, हात थरथरतो तो वयामुळे, आणि कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. उलट आठ वर्षे लाजेपोटी लिहिले नाही, ते आज लिहितो आहे. येत्या तीन फेब्रुवारीला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर माझ्याशी हसून बोलतात, पण कुंदाशी बोलताना दार लावून घेतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती खोली, सामानसुमान व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी कुंदा हिच्या एकटीची. मुलगी पद्मजा वाटा मागणार नाही, पण जावई तिला मागायला लावतील, म्हणून स्पष्ट लिहिले.

२. माझी शिडी शेजारी सहदेव बोरकर यांना देऊ नये. त्यांचे 'आत्ता आणून देतो' म्हणजे पुढची दिवाळी असते.

३. आरे कॉलनीच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये उभी असलेली, लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप कागदोपत्री माझ्या नावावर आहे. ती कोणाला जावी हे पुढे लिहितो. आधी तिची गोष्ट सांगितली पाहिजे.

जुनी फौजी वाहने दुरुस्ती मंडळ आम्ही चौघांनी काढले: फौजेत ड्रायव्हर असलेला धाकू परब, माझ्याच गिरणीतला लवू घाडी, बँकेतले नंदकिशोर कर्णिक आणि मी. दर रविवारी मोडक्या गाड्या उघडायच्या आणि सव्वीस जानेवारीला झेंडा लावून आरेत फिरवायच्या, एवढाच आमचा नाद. पुढे सभासद वाढले, मी अध्यक्ष झालो.

शेडमध्ये एक नियम होता. प्रत्येकाचा एक रंग. नट आवळायचा, तो सुटू नये म्हणून त्यात आरपार पिन घालायची, आणि मग वर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या नटाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, तपासायचासुद्धा नाही. एवढा एकमेकांवर विश्वास. धाकूचा हिरवा, नंदकिशोरांचा निळा, लवूचा लाल, माझा पिवळा.

४. आता मुद्द्याचे. २५ जानेवारी १९७९ रोजी जीपच्या स्टिअरिंगच्या दांडीचा नट मी आवळला. हाताशी होती ती पिन जाड निघाली. दुसरी आणायला उठणार, एवढ्यात नंदकिशोरांनी चाक उचलायला हाक मारली. जाण्याआधी खूण असावी म्हणून मी ठिपका आधीच देऊन टाकला. माझ्या डबीतला पिवळा सुकला होता, म्हणून शेजारच्या लवूच्या डबीत ब्रश बुडवला. चाक उचलले, चहा झाला, आणि पिन माझ्या डोक्यातून पार गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूने जीप काढली. उतारावर स्टिअरिंग फिरवले तरी चाके वळेनात. जीप झाडावर गेली आणि धाकू जागच्या जागी गेला.

नट रस्त्यावर सापडला. पिनेचे भोक रिकामे, वर लाल ठिपका. नंदकिशोरांनी तो तळहातावर ठेवून सगळ्यांसमोर लवूपुढे धरला. त्या दिवशी लवूने पन्नासेक नट आवळले असतील, त्याला कुठले आठवणार? नट उलटसुलट करून पाहत तो म्हणाला, "रंग माझो. मगे चूक माझीच."

मी तीन पावलांवर फडक्याने हात पुसत होतो. पुसतच राहिलो. आज बोलू, उद्या बोलू, तेरावे झाल्यावर बोलू, असे करत गेलो. मी भित्रा निघालो, याला दुसरा शब्द नाही.

५. लवूने शेडमध्ये पुन्हा पाय ठेवला नाही. पाना आता हातात धरवत नाही, असे त्याची बायको मालनवहिनी सांगत. चार वर्षांनी, १९८३ साली, तो वारला. आमच्या शेडमध्ये दिवंगत सभासदांची पांढरी फळी आहे. दर सव्वीस जानेवारीला अध्यक्ष त्यावरची नावे वाचतो आणि प्रत्येक नावाला, पुढे आम्ही दुरुस्त केलेल्या त्याच जीपचा हॉर्न एकदा वाजवतात. लवूचे नाव फळीवर घालावे का, असा प्रश्न आला. ज्याच्या हातून धाकू गेला त्याचे नाव धाकूखाली कसे लिहायचे, असे नंदकिशोर म्हणाले. मी अध्यक्ष. मी मत दिले नाही, सभेची इच्छा म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून तीन वेळा ती फळी वाचली आहे. धाकूचे नाव मी वाचतो आणि लवूच्या जागी कोरी पांढरी पट्टी दिसते.

६. माझ्या मृत्यूनंतर या मृत्युपत्राचे कलम ४ व ५ मंडळाच्या सभेत, मालन लवू घाडी यांच्या समोर, मोठ्याने वाचावे. लवूचे नाव धाकूच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. हे केले तर जीप मंडळाची. न केले तर जीप मालनवहिनींची. त्यांनी ती ठेवावी, विकावी किंवा भंगारात घालावी. माझे नाव फळीवर घालू नये.

७. लवूची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. तो शेड सोडून गेला तेव्हा मी ती उचलून आणली आणि परत द्यायला त्याच्या दारात जाण्याची हिंमत झाली नाही. ती मालनवहिनींना पोचवावी.

८. अंमलबजावणी नंदकिशोर कर्णिक यांनी करावी. माणूस कडक आहे. लवूशी जेवढे कडक वागले, तेवढेच माझ्याशी वागतील.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. पण एक साक्षीदार म्हणून मी धाकूची पत्नी शेवंतीवहिनी यांना मुद्दाम बोलावले आणि सही करण्याआधी सगळे वाचायला दिले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. कुंदा आत चहा करत होती; तिलाही तोवर यातले काही ठाऊक नव्हते.

मला वाटले होते त्या रडतील, नाहीतर उठून जातील. त्यांनी कागद खाली ठेवला.

"लवू भावजी तीनदा दारात इले," त्या म्हणाल्या. "मी दार उघडूक नाय. आता तां मी कसा उघडू?"

त्यांनी पेन बाजूला सारले.

"आणि तुमी मरान सुटतलास? ह्या सव्वीस तारखेक मालनच्या फुड्यात तुमीच वाचतलास, असां ह्येच्यात लिवा. मगे सही करतंय."

मी ऑपरेशनचे सांगितले. छातीवर ताण नको, असे डॉक्टरांनी बजावल्याचेही सांगितले. त्या उठल्या नाहीत आणि पेनही घेतले नाही. मग मी कुंदाला बाहेर बोलावले आणि कलम ४ तिला स्वतः वाचून दाखवले. शेवटपर्यंत वाचले.

पुरवणी: कलम ६ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी माझ्या हाताने खोडले असून शेजारी सही केली आहे. त्या जागी असे वाचावे: 'सोमवार, २६ जानेवारी १९८७ रोजी, शेडमध्ये, मी स्वतः'.

लिहून देणार: विद्याधर रामकृष्ण पाटकर (सही)

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली आणि आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या:

१. भीमराज तुकाराम कांबळे, पोस्टमन, जोगेश्वरी पूर्व (सही, मजकूर वाचलेला नाही)

२. शेवंती धाकू परब, जोगेश्वरी पूर्व (सही, मजकूर वाचला. माफ केलेले नाही. २६ तारखेला मालनला घेऊन येते.)

स्थळ: जोगेश्वरी पूर्व, मुंबई
दिनांक: रविवार, ११ जानेवारी १९८७