चौथ्या पटावरची बरोबरी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ७.२०
पाचला उठणार होतो. गजर रूपालीने बंद केला. तिचं म्हणणं, मीच झोपेत तिला कोपराने ढोसून बंद करायला लावला. बायकोशी वाद घालण्यात शक्ती घालवायची नाही. फायनल दोन आठवड्यांवर आलीय.

संकल्प : रोज दोन तास अभ्यास. चहा दोनच. मोबाइलवरचे फटाफट डाव बंद.

कराडच्या आमच्या बुद्धिबळ मंडळाचा मी चौदा वर्षं सचिव, कर्णधार आणि पहिल्या पटाचा खेळाडू. सांघिक चषकाच्या फायनलला आम्ही पहिल्यांदाच पोचलोय. १६ तारखेला, सांगलीत. संघात चौघं. पहिल्या पटावर मी, दुसऱ्यावर जवाहर उपाध्ये. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस शांत. चौदा वर्षांखालचे दोघे घ्यावेच लागतात, म्हणून तिसऱ्यावर शिवतेज आणि चौथ्यावर क्रांती. नियमापुढे इलाज नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्रांतीशी सराव डाव खेळलो. मुलांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून हरलो. तीनदा वाढवला.

९ फेब्रुवारी, रविवार
अभ्यास सुरू. पुस्तक सापडलं.

जवाहर आज म्हणाला, क्रांतीला पहिल्या पटावर बसवू या. मी समजावलं की पोर बारा वर्षांची, खेड्यातली. वडील मिलिटरीत, तिकडे आसामात. आजीबरोबर एसटीने येते. तिच्यावर दडपण नको. तो म्हणाला, दडपण तिला आलेलं दिसत नाही, तुम्हालाच आलंय. जवाहरला पटाबाहेरचं काही कळत नाही.

चहा : पाच. फटाफट डाव : अकरा. ब्राझीलच्या कुणाशी तरी होते. हाही अभ्यासच.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.१०, सांगली
मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसून लिहितोय. बाकीच्यांचे डाव चालू आहेत. माझा जरा लवकर आटोपला.

तेराव्या चालीला मी उंट अर्पण केला. प्रतिस्पर्ध्याने तो घेतला. त्यानंतर विशेष काही घडलं नाही. तेविसाव्या चालीला हात मिळवला. पंखा डोक्यावर होता, खुर्ची डुगडुगत होती. पंचांना सांगायला हवं होतं.

आता कर्णधार म्हणून मोकळा आहे. एका अर्थी बरंच झालं.

संध्याकाळी ६.४५, जवाहरची गाडी, इस्लामपूरच्या अलीकडे
जिंकलो. अडीच-दीड. चषक माझ्या मांडीवर आहे.

जवाहरची बरोबरी झाली. शिवतेज जिंकला. दीड-दीड झालं आणि फक्त क्रांतीचा डाव उरला. समोरच्या संघाने आपली पोरं मधल्या पटांवर बसवलेली, म्हणून तिच्यासमोर चाळिशीतला भारदस्त गृहस्थ. हत्ती दोघांकडे एकेक, तिचं एक प्यादं जास्त. त्याने बरोबरी देऊ केली. तिने माझ्याकडे पाहिलं. कर्णधाराला अशा वेळी घे किंवा नको एवढंच सांगता येतं. मी म्हटलं, घे.

तिने परत पटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सर, बरोबरी झाली तर आपण हरतोय की."

आणि खेळत राहिली. पन्नास मिनिटांनी तिचं प्यादं शेवटच्या घरात गेलं, त्याचा वजीर झाला. गृहस्थांनी डाव सोडला.

मी दिलेला सल्ला सावध होता. कर्णधाराने सावधच असावं. पोरं मागच्या सीटवर झोपलीत. जवाहर सूर्य मावळायच्या आत जेवतो, म्हणून निघताना घाईने डबा उघडून दोन घास खाल्ले. एरवी गाडीत बोलतो. आज बोलत नाही. दमला असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
पेपरात आलं. पान सात. मजकूर मीच पाठवला होता, तोही संक्षिप्त, चारशे शब्द. त्यांनी बारा ओळी छापल्या. 'निर्णायक क्षणी कर्णधाराचा अचूक सल्ला' हे वाक्य जसंच्या तसं ठेवलंय. फोटोत मी आणि चषक. क्रांतीचा कान आलाय. नाव 'कांती' छापलंय, तो त्यांचा दोष.

ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. डबा मात्र तसाच परत आणला. ॲसिडिटी.

१९ फेब्रुवारी, बुधवार
बनुबाई आल्या, क्रांतीची आजी. एसटीने, पेढे घेऊन. चहाला नको म्हणाल्या, उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आवं सर, पोरीला तुमी खेळाया बसू दिलं, लय झालं." पेपर वाचला का, असं मी विचारलं. शेजारच्या पोराने वाचून दाखवला म्हणाल्या. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला. ठेवताना माझ्याकडे बघत होत्या.

पेढे खाल्ले नाहीत. रूपालीने कारण विचारलं. ॲसिडिटी सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे ५
आज गजराशिवाय उठलो.

ही वही कुणी वाचत नाही. तेव्हा लिहून टाकतो.

नियम मला माहीत होता. गुण सारखे झाले तर पहिला पट जिंकणाऱ्याचा चषक. पहिला पट मी हरलेलो. क्रांतीची बरोबरी म्हणजे आमचा पराभव, हे मला 'घे' म्हणताना ठाऊक होतं.

तरी म्हटलं. तिचं प्यादं पुढे सरकताना दिसत होतं. ती जिंकणार हेही दिसत होतं. चौदा वर्षांनी फायनल, त्यात मी तेवीस चालींत गार, आणि चषक ही पोर आणणार. त्यापेक्षा सगळेच हरलेले बरे, असं वाटलं. क्षणभरच. पण तोंड त्याच क्षणात उघडलं.

संकल्प : शनिवारी तिच्या शाळेत सत्कार आहे. प्रमुख पाहुणा मी. सगळ्यांसमोर खरं सांगायचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
भाषण लिहिलं. पहिलंच वाक्य कबुलीचं. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा कबुली शेवटाला नेली. आधी थोडी पार्श्वभूमी लागते.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी
शाळेचं पटांगण, मांडव, दोनशे पोरं. सरपंचांनी फेटा बांधला. आधी क्रांती बोलली. दोनच वाक्यं. एक, सगळ्यांचे आभार. दुसरं, "सरांनी सांगितलं तसं खेळले." टाळ्या पडल्या. जवाहर पहिल्या रांगेत होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, खाली बघत बसला.

मग मी उठलो. कबुली शेवटाला होती. नेतृत्व या विषयावर बावीस मिनिटं बोललो. शेवट आला तेव्हा मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. आभार मानून बसलो.

नंतर पोहे देत होते. क्रांती ताटली घेऊन एकटीच उभी होती. जवळ गेलो. विचारलं, तू असं का सांगितलंस? मी काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे.

ती म्हणाली, "आजी म्हणली, मोठ्या मानसाला चारचौघांत उघडं पाडायचं न्हाई."

म्हणजे बनुबाईंना माहीत होतं. पेढे घेऊन आल्या तेव्हाही. जवाहरला तर सांगलीपासूनच.

मी तिला म्हटलं, माझं चुकलं. आवाज बारीक आला. तेवढ्यात स्पीकरवर गाणं लागलं. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. ती म्हणाली, सर, पोहे घ्या, गार होत्यात.

घेतले. खाल्ले.

घरी आलो. रूपालीने विचारलं, भाषण कसं झालं. चांगलं झालं म्हणालो.