इंदिरेच्या वाचेचं इन्स्पेक्शन

२ जानेवारी, सकाळ
संकल्प. इंदिरेला मी बोलतं करणार. दिवाळीत तिला स्ट्रोक आला, तेव्हापासून शब्द अडतात. समजतं सगळं, तोंडातून बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणतात अफेजिया, मराठीत वाचाघात. स्पीच थेरपिस्ट संजना आठवड्यातून एकदा पंचवटीत घरी येते. एकदा! ओझरला विमानांचे पार्ट तपासण्यात माझा जन्म गेला. तिथे असा कारभार केला असता तर एक विमान उडालं नसतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इंदिरा सगळ्या बायकांसमोर उखाण्यात माझं नाव घेईल. टार्गेट फिक्स.

३ जानेवारी
इंटरनेटवरून शब्द उतरवले. अनोमिया: नावं न आठवणं. पॅराफेजिया: म्हणायचं एक, बाहेर येतं दुसरंच. पर्सेव्हरेशन: एकाच शब्दाला चिकटून बसणं. लॉगोरिया: अखंड बोलणं, समोरच्याला वावच न देणं. वाचताक्षणी शेजारचे खंडेराव डोळ्यांसमोर आले. लगेच त्यांना समजावून सांगायला गेलो. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत एक शब्द सुचला नाही, इतके प्रभावित झाले.
परत आलो तर इंदिरा झोपलेली. धडा उद्यापासून. नक्की.

५ जानेवारी
टेस्ट घेतली. चमचा दाखवला. तिने ओठ जुळवले, ‘च’ आला, उरलेला मी दिला. कंगव्याचा ‘क’सुद्धा मीच दिला. अशा सगळ्या वस्तू ओळखून झाल्या. रिझल्ट उत्तम.
मग विचारलं, मी कोण? माझं नाव सांग. ती नुसती हसली आणि पदराशी चाळा करत खाली बघत बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. चमचा आठवतो आणि नवरा आठवत नाही. नोंद: सिव्हिअर अनोमिया, फक्त नवऱ्यापुरता.
सुनेला, तेजश्रीला सांगितलं. ती तोंडाला रुमाल लावून स्वयंपाकघरात पळाली. रडू आलं असावं.

८ जानेवारी
संजना आली. म्हणाली, काका, प्रश्न विचारलात की गप्प थांबा, शब्द यायला वेळ लागतो. थांबण्याचं महत्त्व मी तिला फॅक्टरीतल्या उदाहरणांसह पटवून दिलं. त्यातच तिची वेळ संपली. जाता जाता म्हणाली, काकूंना पाठ असलेला जुना उखाणाच म्हणू द्या. स्तोत्रं, पाढे, उखाणे आपसूक बाहेर पडतात. त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात.
आपसूक आलेलं मला चालत नाही. नवा रचला:
ओझरच्या आकाशात विमान घेतं उड्डाण,
ढुंढिराजांनी दिलं मला भाषेचं ज्ञान.
जमलाय. मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला.
माझी बीपीची गोळी सध्या बंद. मी इच्छाशक्तीवर चालणारा माणूस आहे. शिवाय पहाटे प्राणायाम करतो. म्हणजे करणार आहे.

१० जानेवारी
नवीन लक्षण. इंदिरा सकाळपासून ‘गोळी, गोळी’ करते आहे. तिची तर नाश्त्यानंतरच झाली. रिकामं पाकीट दाखवलं. तिने जोरात मान हलवली, माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि परत गोळी. मी मदत केली: पोळी? मोळी? तुझी मैत्रीण गौरी? चिडून तिने ताट सरकवलं. नोंद: पर्सेव्हरेशन.
डोकं जड आहे. यंदा थंडी फार.

१२ जानेवारी
अजून गोळीच. शेवटी कोपऱ्यावरून लिमलेटच्या गोळ्या आणल्या. तिने एक सोलली आणि माझ्याच तोंडात कोंबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांच्या संसारात असं प्रेम तिने कधी दाखवलं नव्हतं. माझंही मन भरून आलं. ती परत म्हणाली, गोळी. मी दुसरी खाल्ली.

१८ जानेवारी, दुपार
आज हळदीकुंकू. मी दाराआड उभा राहून प्रॉम्प्ट करणार. पायऱ्या चढताना जरा गरगरलं. एक्साइटमेंट.

१९ जानेवारी
काय लिहावं.
बायकांनी आग्रह केला. इंदिरेने डोळे मिटले, काहीतरी गुणगुणत सुरुवात केली. तो जुना उखाणा होता, हे आता कळतंय. मी दाराआडून ओरडलो, ओझरच्या! ती थांबली. पुन्हा सुरू झाली, मी पुन्हा ओरडलो. मग ती थांबली ती थांबलीच. मी सावरून घ्यायला तिळगुळाचं ताट घेऊन पुढे झालो आणि ताटासकट खाली बसलो.
मुलाने, मयुरेशने गाडी काढली. दवाखान्यात सिस्टरने दंडाला पट्टा बांधला. बीपी बघून पुन्हा बांधला. पेशंटचं नाव विचारलं. मी तोंड उघडलं तर म्हणाली, काका, पट्टा असताना बोलायचं नाही. मयुरेश गाडी लावायला गेलेला. स्टुलावर इंदिरा.
मला बोलायची बंदी होती म्हणून पहिल्यांदा नुसतं बघितलं. शब्द तिच्या ओठांपर्यंत येतो, मागे जातो, ती डोळे मिटून पुन्हा शोधते. किती मेहनत असते ती! मला मध्ये बोलावंसं वाटत होतं, पट्टा आवळत होता. मग ती म्हणाली, ढुंढिराज. स्पष्ट. आणि माझ्याकडे बोट करून, एकेक शब्द ठेवत: गोळी. घेत. नाहीत.
भीती तिला माझी होती. जे तिच्यावर आलं ते माझ्यावर येईल याची. आणि मी तिला पोळी-मोळी विचारत होतो.
येताना गाडीत तेजश्रीने विचारलं, बाबा, आईंनी उखाण्याशिवाय तुमचं नाव कधी घेतलंय? तुमच्या पिढीत घेत नाहीत ना? आम्हाला वाटलं, तुम्ही गंमत करताय.
अनोमियाची नोंद खोडली. लॉगोरियाच्या पुढे खंडेरावांचं नाव होतं, तेही.

२१ जानेवारी
गोळी घेतली. इंदिरा समोर उभी राहून बघते, मग जीभ बाहेर काढायला लावते. ओझरलासुद्धा इतकं कडक इन्स्पेक्शन नव्हतं.
नवा संकल्प: तिचा शब्द पूर्ण होईपर्यंत ब्र काढायचा नाही. आज लगेच अंमल. मी ओट्याजवळ उभा होतो. ती लांबून ‘दू… दू…’ करू लागली. मला शब्द माहीत होता, पण मी खंबीर राहिलो. मान डोलावून प्रोत्साहन दिलं. दूध उतू गेलं, ओट्यावरून फरशीवर आलं.
ती कपाळावर हात मारून एका दमात म्हणाली, कर्म माझं!
ऑटोमॅटिक स्पीच असणार. तरी पास केलं. फडकं घेऊन फरशी पुसली आणि काही बोललो नाही.