एकशे एक युरोंचं नको-नको

नाशिक
रविवार, दुपार

प्रिय तृप्तीताईला हर्षालीचा नमस्कार, अमितदाजींना अर्धाच (लग्नात बूट लपवल्याचे पैसे अजून आलेले नाहीत) आणि वेदिकाच्या दोन्ही गालांना लांबूनच एकेक पापी.

बाळ रात्री झोपू देतं का? तुझी पाठ कशी आहे? आत्याच्या गुडघ्यांना तिकडची थंडी मानवते का? मी गुडघ्यांचं विचारलं असं तिला सांगू नकोस. (किंवा सांग. खरं तर अण्णांनी विचारायला लावलंय, पण त्यांचं नाव घ्यायचं नाही असंही त्यांनीच बजावलंय.) इकडे सगळं ठीक. अण्णांचं बीपी ठीक आहे, आईचं अण्णांमुळे नाही. माझी पूर्णविराम नसलेली कादंबरी एकशे चाळीस पानांवर थांबलीय, कारण लॅपटॉपची निम्मी बटणं बसलीत. (पूर्णविरामाचं सगळ्यात आधी गेलं, म्हणून तर ती कल्पना सुचली. कुणाला सांगू नकोस.) त्यामुळे हे पत्र हाताने लिहितेय.

आता मुद्दा. तुला वाटत असेल की अण्णांना, तुझ्या मामाला, वेड लागलंय. म्हणून सुरुवातीपासून सांगते, आणि सुरुवात तुझ्या लग्नात आहे. तू स्टेजवर फोटो काढत होतीस, त्यामुळे तुला फक्त तुझ्या आईची बाजू माहीत आहे. मी तिथेच उभी होते. अण्णांनी आहेराचं पाकीट आत्याच्या हातात दिलं. आत्या म्हणाली, "राहू दे रे दादा, कशाला एवढं." हे तिने रीतीप्रमाणे म्हटलं. आपल्याकडे पहिलं नको रीतीचं असतं, दुसरं नको समोरचा मनापासून देतोय का ते बघायचं असतं, आणि तिसऱ्याला देणाऱ्याने घेणाऱ्याची मूठ मिटायची असते. एवढं आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. अण्णा म्हणाले, "बरं." आणि पाकीट परत शर्टाच्या खिशात घालून जेवायला गेले. तिथून तीन वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. आत्या म्हणते, भावाने दिलेलं काढून घेतलं. अण्णा म्हणतात, तीच नको म्हणाली. ताई, पिंपळगावच्या मार्केटात कांद्याच्या एकेका रुपयासाठी अर्धा तास ओढाताण करणारा हा माणूस, त्याला बहिणीचं एक नको पेलवलं नाही.

मग वेदिका झाली. आत्या तुझ्याकडे आली. आणि एका सकाळी चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "बाळाला आहेर धाडायचा. एकशे एक. तिकडच्या पैशात." मी म्हटलं, आत्याच्या इथल्या खात्यावर टाकू, मोबाईलवरून, एका मिनिटात, फुकट. अण्णा म्हणाले, "बाळ तिकडं हाय ना? मग आहेर बी तिकडंच पोचला पाहिजे." (फुकट हा शब्द अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा कानाआड केला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.)

बँकेत अंजली मॅडम म्हणून आहेत, फार चांगल्या आहेत, आता तर त्या आमच्या घरच्याच झाल्यात. त्यांनी फॉर्म दिला. पैसे कशासाठी पाठवताय, पाठवणारा कोण, घेणारी कोण, हे सगळं भरलं. शेवटी एक रकाना होता: चार्जेस कोण भरणार? पाठवणारा, घेणारा, की दोघं मिळून? आता मी पडले पुरोगामी. मी "दोघं मिळून" वर टिक केली. पुढचं सगळं रामायण त्या एका टिकचं आहे, आणि मी ते कबूल करते.

तुझा मेसेज आला, "मामा, पंच्याहत्तर युरो मिळाले, थँक्यू." अण्णांनी मेसेज चार वेळा वाचला. मग चष्मा पुसून पाचव्यांदा. मग आम्ही परत बँकेत.

"मॅडम, एकशे एक धाडले होते. सव्वीस कुठं सांडले?"

"काका, पैसे थेट जात नाहीत. मध्ये आणखी एक बँक असते, ती आपले घेते. मग तिकडची बँक तिचे घेते."

"म्हणजे आडत्या."

"तसंच समजा."

"अन् तिला कोणी बोलावलं?"

अंजली मॅडमनी हिशोबाचा कागद पुढे सरकवला. इथली फी वेगळी, तार पाठवल्यासारखी काहीतरी दुसरी फी वेगळी, दोन्हींवर जीएसटी, आणि युरोचा भाव बाहेर एक, आत एक. अण्णा कागदावर बोट फिरवत म्हणाले, "सटाण्याचा कांदा उन्हाळ्यात उघड्या ट्रकनं धाडला तरी एवढी घट येत नाय." पण खरा धक्का त्यांना त्या टिकने बसला. बाळंतीण भाचीकडून आहेराचं भाडं वसूल केलं! घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवलं का?"

आणि तेवढ्यात तू काय केलंस? तू ते पंच्याहत्तर युरो परत पाठवलेस! "मामा, कशाला, आशीर्वाद पुरे." ताई, मला माहीत आहे हे तुझं नव्हतंच. तुझ्यामागे आत्या उभी होती, हाताची घडी घालून, बघू आता दादा काय करतो म्हणत. आम्ही सोफ्यावर बसून अण्णांकडे बघत होतो. मला वाटलं, आता म्हणतात "बरं". अण्णा उठले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "हे पहिलं नको झालं. चल."

(परत आलेल्या पंच्याहत्तरातले सहा हजार तीनशे रुपयेच हाती लागले. उलट्या रस्त्यालाही आडत्या बसलेले असतात.)

दुसऱ्या वेळी मी "पाठवणारा" वर टिक केली, इतकी जोरात की खालच्या कागदावर उमटली. त्याचे जास्तीचे किती लागले ते लिहीत नाही, पत्र आत्याच्या हाती पडू शकतं. एकशे एक पोचले, पूर्ण. तू ते परत पाठवलेस, तेही वाटेत झिजून आले. अण्णांनी ते दुसरं नको धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच आनंद दिसला. आई म्हणाली, एवढ्यात बाळाला सोन्याच्या मनगट्या झाल्या असत्या. अण्णा म्हणाले, "तू गप. आता फक्त एक राहिलं."

तिसऱ्या वेळी पैसे गेले आणि मध्येच अडकले. मधल्या बँकेने विचारलंय की एकाच रकमेच्या, त्याच दोन माणसांमध्ये, काही व्यवहार नसताना सारख्या फेऱ्या का होताहेत? हा पैसा काळा-पांढरा करण्याचा प्रकार आहे का? अंजली मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, काही लपवत तर नाही ना?" अण्णांचा चेहरा मार्केटात भाव पडल्यासारखा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लेखक हाय ना? लिही."

लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं. पहिलं नको, दुसरं नको, मिटायची मूठ, जेवणाची पंगत, तीन वर्षं, सगळं. अंजली मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या भावाचंही असंच आहे हो." मग शिक्का मारून पुढे पाठवलं. माझं पहिलं लेखन जे कुणीतरी न बदलता पुढे पाठवलं, ते हे.

बाकी काय? द्राक्षं यंदा गोड आहेत. सगळ्यांनी जपून राहा.

तुझी मामेबहीण,
हर्षाली

ता. क. सोबत एक कागद आहे. पत्र कुरियरने आलंय ते त्याच्यासाठीच. (कुरियरचे किती पडणार ते अण्णांना कळता कामा नये. ते तीही आडत्यानेच खाल्लेली घट धरतील.) बँकेला घेणाऱ्या माणसाकडून शाईच्या सहीने लिहून हवंय की "मी ही भेट स्वीकारते आणि परत पाठवणार नाही." खातं तुझं, म्हणून सही तुझी. पण खाली साक्षीदाराची एक ओळ मी हाताने आखलीय. ती बँकेला नको आहे. ती अण्णांना हवीय. तिथे आत्याची सही घे.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते आणि आत्याचा फोन आला! तिसऱ्यांदा धाडलेले पैसे अडकलेत, असा मी तुला सकाळी पाठवलेला मेसेज तिने वाचला म्हणे. स्पीकरवर ऐकलं, जसंच्या तसं लिहिते. "दादा, तीनदा धाडले?" "हां." "येडा हाय का तू?" "हां." मग पाऊण तास कांद्याचे भाव आणि गुडघे. शेवटी आत्या म्हणाली, "राहू दे रे दादा, पैसे नको." आईचं लाटणं थांबलं. अण्णांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथेच थांबला. "नको कसं? घ्यायचंच." मग आत्या बारीक आवाजात म्हणाली, "मग तवा का नाय म्हणला असं?" अण्णा म्हणाले, "तवा जिलबी संपत आली होती, रंगे." दोघं इतके हसले की वेदिका उठली. सही तरीही घे.

ता. क. ३. फोन ठेवता ठेवता आत्या मला म्हणाली, "हर्षू, तुझा लॅपटॉप गेला म्हणे, मी धाडते पैसे." माझ्या तोंडून निघून गेलं, "नको आत्या, कशाला." ती म्हणाली, "बरं." ताई, ते पहिलं नको होतं. तिला नीट समजावून सांग. आणि फॉर्मवर टिक "पाठवणारा" वर करायला सांग.